लग्नाच्या सीडीसाठी रायटर घेताय? या चुका टाळा

२००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत लातूर, परभणी, नांदेडकडं ज्यांची लग्नं झाली त्यांच्या घरी कपाटात साड्यांच्या खाली रेक्झिनच्या पाऊचमध्ये दोन-तीन सीड्या हमखास सापडतात, आणि आता पोरं मागं लागायलीत की हे मोबाईलवर टाकून द्या. लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो, म्हणून जो पहिला दिसंल तो रायटर (सीडी वाचणारा-लिहिणारा ड्राइव्ह) आणायचा, सीडी घालायची, ती अडकली की "सीडी गेली ओ" म्हणून मोकळं व्हायचं. लई वेळा सीडी गेलेली नसते, तिच्यासाठी ड्राइव्ह चुकीचा घेतलेला असतो नाहीतर सीडीतलं पिक्चर बाहेर काढायची पद्धत चुकलेली असती.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे खोक्यावरचा एक्सचा, म्हणजे वेगाचा, आकडा बघणं. ५२ एक्सला सीडी मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या आसपास फिरते, त्या वेगात चरा आला की लेन्सला ट्रॅक (डेटाची गोल फिरत जाणारी बारीक रेघ) धरून ठेवायला वेळच मिळत नाही. स्क्रॅचवाल्या डिस्कला हळू फिरणारा ड्राइव्ह लागतो, किंवा निदान सांगितल्यावर हळू होणारा. विंडोजमध्ये नीरो ड्राइव्हस्पीडसारखी टूलं आहेत, लिनक्समध्ये इजेक्ट कमांडलाच वेग ठरवायचा पर्याय आहे. काही ड्राइव्ह हे ऐकतात, काही ढिम्म हालत नाहीत, आणि माझ्या मते घ्यायचा का नाही हे ठरवायला यापेक्षा मोठी परीक्षा नाही.

दुसरी चूक, दिसायला छान म्हणून पातळ यूएसबी ड्राइव्ह घेणं. तसा तो वाईट नसतो, पण त्याची सगळी भूक यूएसबीच्या वायरवर. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलीअँपिअरच्या हिशोबानं बनवलेला, आणि खराब जागी लेन्स पुन्हापुन्हा मागंपुढं करायली की करंट कमी पडतो, मग ड्राइव्ह मध्येच गायब होतो आणि आपण शिव्या सीडीला देतो. हब नको, लांब वायर नको, थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा, दोन तोंडाची वायर असंल तर दोन्ही तोंडं लावा. त्यापेक्षा जुन्या डेस्कटॉपमधला मोठा साटा (डेस्कटॉपच्या आतल्या केबलला जोडायचा) रायटर आणि १२ व्होल्टचा अडॅप्टर असलेला यूएसबी कन्व्हर्टर हे जोडपं मला जास्त आवडतं. फक्त कन्व्हर्टर घेताना विचारा, काही काही नुसत्या हार्डडिस्कलाच चालतात.

महाग ब्लू-रे ड्राइव्ह घेतला की सगळं वाचंल, हा पण एक गोड गैरसमज. सीडीला ७८० नॅनोमीटरचा लेझर, डीव्हीडीला ६५०, ब्लू-रेला ४०५. त्या निळ्या लेझरचा तुमच्या सीडीला काडीचा उपयोग नाही. यावरून आणखी एक गोष्ट कळते, एखादा जुना ड्राइव्ह डीव्हीडी झकास वाचतो आणि सीडीला नाही म्हणतो, तेव्हा सीडीचा लेझर थकलेला असू शकतो.

एकच भारी ड्राइव्ह घेण्यापेक्षा दोन वेगवेगळे साधे घ्या. एकानं सोडलेली जागा दुसरा उचलतो, कारण प्रत्येकाचं फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतला प्रोग्राम) आणि लेन्स वेगळी. पण खोक्यावरच्या नावावर जाऊ नका, विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये बघा. तिथं एचएल-डीटी-एसटी दिसलं तर आतला माल हिताची-एलजीचा, टीएसएसटी म्हणजे तोशिबा-सॅमसंगचा, पीएलडीएस म्हणजे फिलिप्स-लाइटऑनचा. खोकी दोन आणि आत एकाच कारखान्याचा माल, असं पण होतं.

आता ड्राइव्हला दोष द्यायच्या आधी सीडी उजेडात धरा. खालच्या बाजूचा आतून बाहेर जाणारा चरा दिसायला भयानक असला तरी ट्रॅकचा इवलासा तुकडाच कापतो. सीडीची दुरुस्तीची यंत्रणा ट्रॅकवर सलग अडीच मिलिमीटरपर्यंतचं नुकसान भरून काढते, तेवढ्यात तो चरा बसून जातो. गोल फिरलेला बारीक चरा मात्र ट्रॅकच्या सोबतच चालतो, तो खरा वैरी. म्हणून पुसताना कधीच गोल पुसायचं नाही, मऊ सुती कापड ओलं करून मधून सरळ बाहेर. थिनर, पेट्रोल तर अजिबात नको, प्लास्टिक खराब होतं. आणि वरच्या, म्हणजे नाव लिहिलेल्या बाजूला खरवडलं असंल, सीडी ट्यूबलाइटकडं धरल्यावर आरपार ठिपके दिसायले असतील, तर तेवढा भाग गेलाच, कारण सीडीचा डेटा लेबलच्या लगेच खाली असतो. टूथपेस्ट घासायचा उपाय खालच्या बाजूच्या हलक्या चऱ्यालाच, तो पण शेवटी. ब्लू-रेला तर नाहीच, तिचा डेटा पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत.

नवीकोरी सीडी पण अडकायली असंल तर लेन्सवर धूळ असू शकते, आपल्याकडं उन्हाळ्यात वावटळी सुटतात तेव्हा बंद घरात पण थर बसतो, कुणाला सांगायला नको. पातळ ड्राइव्हचा ट्रे ओढला की लेन्स समोरच दिसते, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून अलगद पुसा.

आणि कृपा करून कॉपी-पेस्ट करू नका. घरचा डीव्हीडी प्लेअर खराब जागा सोडून पुढं पळतो म्हणून टीव्हीवर पिक्चर चालतो, विंडोज मात्र एका सेक्टरवर (डिस्कवरच्या डेटाच्या एका छोट्या तुकड्यावर) अडून बसतं आणि शेवटी सायक्लिक रिडन्डन्सी चेकचा एरर देऊन अख्खी फाईल सोडून देतं. डेटाची सीडी किंवा डीव्हीडी असंल तर लिनक्समधलं जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा, सेक्टर साईज २०४८ ठेवून. ते सोपं ते आधी उचलतं, अवघड जागा मॅपफाईलमध्ये लिहून ठेवतं, मग तीच मॅपफाईल घेऊन दुसरा ड्राइव्ह लावा, राहिलेलंच वाचतं. व्हीसीडीला, म्हणजे साध्या सीडीवर व्हिडिओ भरलेल्या डिस्कला, हे चालत नाही, तिच्यातल्या व्हिडिओचे सेक्टर वेगळ्या जातीचे, तिथं आयसोबस्टरसारखं सॉफ्टवेअर लागतं.

जुना रायटर विकत घेताना आपली सगळ्यात खराब सीडी सोबत न्या आणि दुकानातच लावून बघा, दुकानदाराची चकाचक डेमो सीडी तर कुठल्याही ड्राइव्हवर चालते. मधल्या भोकापासून तडा गेलेली सीडी मात्र कुठल्याच ड्राइव्हमध्ये घालू नका, वेगात फुटली तर तुकडे होऊन ड्राइव्ह पण जातो.