चिरेबोन पद्धतीचं काचचित्र घरी कसं काढावं

जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचं चिरेबोन हे काचेच्या मागच्या बाजूने रंगवलेल्या चित्रांचं गाव. वायांग छायानाट्यातले भीम, अर्जुन, गणपती तिथल्या काचांवर भेटतात. पहिल्या चित्रासाठी मात्र सेमार निवडा. हा पांडवांचा गोलमटोल सेवक आपल्या महाभारतात नाही. त्याच्या अंगावर दागिने कमी, रेषा मोठ्या. नवख्या हाताला तो बरा.

३ मिमी जाडीची साधी काच आणा, कडा दुकानातच घासून घ्या. साबणाने धुऊन स्पिरिटने पुसा. बोटाचा तेलकट डाग राहिला की तिथे रंग धरत नाही.

रेखाटन ट्रेसिंग पेपरवर करा आणि कागद उलटा करून काचेखाली चिकटवा, म्हणजे समोरून चित्र सुलट दिसेल. सहीसुद्धा उलटीच करायची, आणि तीही सुरुवातीलाच. लाकडी ठशाची छपाई करणाऱ्यांना हा उलटा हिशोब अंगवळणी असतो. जावातल्याच बांडुंग शहरात मुद्राचित्रण, म्हणजे ठशांवरून चित्र छापण्याची कला, शिकवणारे चित्रकार हर्यादी सुआदी वुडकट (लाकडी ठशाचं चित्र) आणि काचचित्र दोन्ही करत, यात मला म्हणूनच नवल वाटत नाही.

आता खरं काम. काळ्या इनॅमलमध्ये थोडं टर्पेंटाइन घालून बारीक ब्रशने बाह्यरेषा काढा आणि रात्रभर वाळू द्या. इथे घाई अजिबात नको, कारण प्रेक्षकाला सगळ्यात पुढे हीच रेषा दिसणार आहे. ती वाळली की मागून भरलेला रंग रेषेवर चढला तरी समोरून काही कळत नाही.

कॅनव्हासवर जे शेवटी करतो ते इथे आधी: बुबुळ अगोदर, डोळ्याचा पांढरा त्यावर, झगझगीत ठिपके अगोदर, वस्त्राचा रंग नंतर. मेगामेंडुंग, म्हणजे चिरेबोनच्या नक्षीतले छटाछटांचे ढग, काढायचे तर एकाच निळ्याच्या फिक्या ते गडद छटा आधीच कालवून ठेवा आणि एकाशेजारी एक पट्टे भरा. शेजारचा पट्टा वाळल्याशिवाय पुढचा भरू नका, नाहीतर कडा मिसळतात. चिरेबोनजवळच्या गेगेसिकचे चित्रकार रास्तिका यांची काचचित्रं जरूर बघा, नजर तयार होते.

मध्येमध्ये काच उचलून समोरून पाहत राहा. चुकलेला भाग वाळल्यावर ब्लेडने खरवडता येतो, पण फक्त पार्श्वभूमी भरेपर्यंत. ती सर्वांत शेवटी, एकसंध भरा. फ्रेम करताना रंग मागच्या पुठ्ठ्याला टेकणार नाही एवढी फट ठेवायला सांगा.