जेसीबी यायच्या आधी: गावातला वाडा, गढी वाचवायची तयारी

आमच्या बाजारचौकातला वाडा मागच्या उन्हाळ्यात दोन दिवसात गेला. पहिल्या दिवशी सकाळी दिंडी दरवाजा काढून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आडवा टाकला, अख्खा सागवानाचा, पितळी कडी तशीच लोंबत होती, अन् दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथं नुसता कवेलूचा (कौलांचा) ढीग अन् पांढऱ्या मातीची धूळ. मधल्या वेळात आम्ही चार-पाच जण या कार्यालयातून त्या कार्यालयात धावून राहिलो होतो अन् सगळीकडं एकच प्रश्न, वाडा कोणत्या वारसा यादीत आहे का? कोणत्याच नव्हता. आमच्याजवळ एक कागद नव्हता, धड फोटो नव्हता, कोणाच्या तरी लग्नाच्या अल्बममध्ये मागं दिसते तेवढीच छपरी. आता गावात उरलं काय, तर गढीचा एक बुरूज, दोन वाडे अन् जुनी शाळा. त्यांच्यासाठी काय काय आधी करून ठेवायचं ते इथं लिहून ठेवतो, तुमच्या गावाला पण कामी येईल.

फाईलीत सगळ्यात वर ठेवायचं पान म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ मधली ‘विकास’ या शब्दाची व्याख्या. सगळ्यांना वाटते परवानगी फक्त बांधायला लागते, आपलं घर आपण पाडलं तर कोणाला काय विचारायचं. पण त्या व्याख्येत बांधकाम पाडणं, नुसता एखादा भाग पाडणं सुद्धा ‘विकास’ धरलं आहे, अन् वारसा इमारतीच्या रचनेत मोठा बदल करणं वेगळं नाव घेऊन लिहिलं आहे. म्हणजे पाडणारा परवानगी घेऊन आला का, हे विचारायचा आधार तिथंच आहे. ते पान झेरॉक्स करा, ती ओळ पेनानं अधोरेखित करा. त्या दिवशी हे पान हातात असतं तर निदान काम थांबवून विचारता तरी आलं असतं.

मंग पाहा की इमारत कोणाच्या हद्दीत येते. नगरपरिषद किंवा नगरपंचायत असंल तर तिथं विकास आराखडा असतो किंवा होऊन राहिला असतो, अन् ग्रामपंचायत असंल तर वर प्रादेशिक योजना आहे का ते जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात विचारायचं. आणखी एक, इमारत आधीच संरक्षित आहे का ते तपासा, कारण बाळापूरचा किल्ला, नरनाळा, गाविलगड हे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडं आहेत अन् अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर बांधकामबंदी अन् त्यापुढं २०० मीटर नियंत्रित, हे २०१० च्या दुरुस्तीनं कायद्यातच बसवलं आहे. राज्याचं पुरातत्त्व खातं वेगळं, त्याचा कायदा १९६० चा. पण गावोगावचे हजारो वाडे अन् गढ्या ना केंद्राच्या यादीत ना राज्याच्या, त्यांच्यासाठी स्थानिक आराखडा हाच एक रस्ता आहे. मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियमावली आली, नागपूरला पण वारसा यादी अन् समिती आहे, तालुक्याच्या गावात मात्र कोणी मागितल्याशिवाय यादी होत नाही.

कागदात काय काय लागते? ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घराच्या कर आकारणीचा उतारा), सिटी सर्व्हे झाला असंल तर आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), भूमी अभिलेखमधून मोजणी नकाशा. कलेक्टर कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज टाका. नागपूर, वर्धा, भंडारा, चांद्याकडं (चंद्रपूर) मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या मालकाची पद्धत, १९५० च्या कायद्यानं संपली, पण त्याच्या आधीच्या बंदोबस्ताच्या (जमिनीचा सारा ठरवतानाच्या) मिसली, म्हणजे फाईली, अजून निघतात अन् त्यात वाड्याचा, विहिरीचा उल्लेख सापडू शकतो. वऱ्हाडात जुन्या कागदावर फसली (जुनं महसुली) साल दिसलं तर घाबरू नका, त्यात ५९० मिळवले की इसवी सन जवळपास येते, अन् शके असंल तर ७८. आमच्या दुसऱ्या वाड्याच्या माजघरातल्या तुळईवर काजळीखाली आकडे कोरलेले निघाले, आजीनं ओल्या फडक्यानं पुसून दाखवले, तिलाही सत्तर वर्षात माहीत नव्हतं. फोटो काढताना तुळई, खांबाचं नक्षीकाम, देवळी, बंगईच्या (झोपाळ्याच्या) कड्या, परसातली विहीर, सगळं घ्या, बाजूला माणूस किंवा काठी उभी करा म्हणजे माप समजते, अन् फोटोत तारीख येऊ द्या.

आता सगळ्यात अवघड काम, अन् इथंच बहुतेक गावं हरतात. मालक. मालकाला विलन समजून काम होत नाही. एका वाड्याचे सात हिस्सेदार, दोन पुण्यात, एक अमरावतीला, इथं राहते एकटा धाकटा भाऊ, पावसाळ्यात तीन खोल्या गळतात, कवेलू फेरणारा माणूस भेटत नाही, भेटला तर त्याची मजुरी कोण देणार यावर हिस्सेदारांचं भांडण. त्यात जुन्या सागवानाचा व्यापारी येऊन रोख बोलतो. व्यापारी आधी दरवाजा विचारतो, मंग खांब, अन् दरवाजा गेला की समजा वाडा गेला, कारण त्याच्यानंतर कोणी तिकडं वाडा म्हणून पाहतच नाही. म्हणून मालकाकडं सह्या मागायला जाऊ नका, आधी बसायला जा. गेल्यावर सांगायचं की काका, यादीत नाव आलं तरी वाडा तुमचाच राहते, विकता येते, त्यात दुकान, शाळा, दवाखाना चालवता येते, फक्त पाडायला किंवा मोठा बदल करायला आधी परवानगी लागते, अन् ती वारसा समितीच्या सल्ल्यानं. श्रेणी १ ला सगळ्यात कडक नियम, श्रेणी २ अन् ३ ला सवलत वाढत जाते, हे पण समजावून सांगा. यादीमुळं जेवढं बांधकाम करता येत नाही त्याच्या बदल्यात टीडीआर (दुसरीकडं वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) मिळायची सोय राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत आहे, ती २०२० ची. पण खोटं बोलू नका, लहान गावात टीडीआर घेणारा बिल्डर कुठून आणणार, तेव्हा मालकाला त्याच्या भरवशावर ठेवणं मला पटत नाही. त्यापेक्षा गावातल्या दहा लोकांनी उन्हाळ्यात एक दिवस जाऊन कवेलू फेरून दिले तर काका जास्त ऐकतात, आम्ही एका वाड्यावर ते करून पाहिलं अन् तिथं व्यापारी परत गेला.

कवेलूवरून आठवलं, धोकादायक इमारतीची नोटीस. पावसाळा तोंडावर आला की पालिका जुन्या घरांना नोटीस देते, तिचा तो अधिकार आहे अन् माणसाचा जीव पहिला हे मी पण मानतो. पण वाडा धोकादायक होतो कसा ते पाहा: दोन कवेलू सरकतात, पाणी तुळईच्या टोकावर पडते, टोक भिंतीत सडते, तुळई खाली बसते, भिंत पोट काढते, अन् त्यात कोणी मातीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर मारलं असंल तर आतली ओल बाहेर निघत नाही अन् भिंत आतून विरघळते. हे पाच-सहा वर्षाचं काम आहे, अन् सुरुवात दोन कवेलूनं. म्हणून मार्चमध्येच छत पाहून घ्या, ताडपत्री, बल्ल्या, टेकू तयार ठेवा, अन् माती-चुन्याचं काम समजणाऱ्या इंजिनिअरकडून लेखी रिपोर्ट घ्या की कोणता भाग खरंच उतरवायचा अन् कोणता टेकू देऊन दुरुस्त होतो. नोटीस आली की त्याच आठवड्यात हा रिपोर्ट जोडून उत्तर द्यायचं, अन् पाडण्याऐवजी दुरुस्तीची मुदत मागायची. नोटिशीला उत्तरच दिलं नाही तर ती पाडणाऱ्याच्या कामी येते, आमच्याकडं नेमकं तेच झालं.

आराखड्याचं काम वेळेचं आहे. वर सांगितलेल्या १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम २२ मध्ये विकास आराखड्यात काय असावं ते दिलं आहे, त्यात ऐतिहासिक वास्तू, वारसा इमारती अन् परिसर जपणं स्पष्ट लिहिलं आहे. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांची मुदत नोटिशीत दिलेली असते, ती राजपत्रात, वर्तमानपत्रात अन् पालिकेच्या बोर्डावर येते, म्हणून कोणीतरी एक माणूस दर सोमवारी बोर्ड पाहायच्या कामाला लावा. अर्ज ‘आमचा वारसा वाचवा’ असा लिहू नका, प्रत्येक इमारतीचा वेगळा लिहा: सर्व्हे नंबर, मालकाचं नाव, अंदाजे काळ, कशामुळं महत्त्वाची, फोटो, कोणती श्रेणी मागता, अन् आजूबाजूची गल्ली सुद्धा वारसा परिसर म्हणून हवी का. दोन प्रती, एकीवर आवक शिक्का अन् तारीख, तो शिक्का मारल्याशिवाय काउंटरवरून हलायचं नाही. सुनावणीला बोलावलं तर जा, अन् जमलं तर मालकाला सोबत न्या, मालक स्वतः बोलला की समितीचा सूर बदलतो. आराखडा आधीच मंजूर असंल तर कलम ३७ खाली फेरबदलाचा प्रस्ताव पालिकेनं पाठवावा म्हणून ठराव करून घ्यायचा, त्याला वेळ लागते, म्हणून आजच सुरू करा.

ग्रामपंचायतीचं गाव असंल तर ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, यातल्या कोणत्याही सभेत विषय घेता येते, आधी लेखी देऊन विषयपत्रिकेवर आणा, ऐनवेळी उठून बोललं तर ‘पुढच्या सभेत पाहू’ होते. गढीची पांढरी माती खणून नेणं बंद करायचं अन् बुरूज राज्य पुरातत्त्व खात्यानं पाहावा, असे दोन ठराव वेगळे करा. नुसत्या ठरावानं इमारत कायद्यानं संरक्षित होत नाही हे खरं आहे, पण पुढं प्रत्येक टेबलावर ‘गावाचं म्हणणं काय’ हा प्रश्न येते तेव्हा तीच नक्कल लागते.

अन् जेसीबी खरंच आला तर? त्या सकाळसाठी वेगळी पिशवी भरून ठेवा: व्याख्येचं पान, फाईलीच्या तीन प्रती, अन् एक छापलेला अर्ज ज्यात फक्त तारीख अन् वेळ भरायची बाकी आहे. त्यात मागणी एकच, पाडायची परवानगी दाखवा, नसंल तर काम थांबवून पंचनामा करा. एक प्रत मुख्याधिकाऱ्याला, एक तहसीलदाराला, एक पोलिस ठाण्यात. मशीनसमोर आडवं पडू नका, ड्रायव्हरशी भांडू नका, तो रोजंदारीवर आला आहे, फोटो अन् व्हिडिओ काढा, वेळ लिहून ठेवा. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात जायची पाळी आली तर वकील पहिले हेच मागंल, म्हणून वकिलाचा नंबर आजच घेऊन ठेवा अन् फाईल एकदा त्याला दाखवून ठेवा. परवानगीची नक्कल दिली नाही तर माहिती अधिकारात १० रुपयाचा अर्ज, पण त्याला ३० दिवस लागतात अन् वाड्याला दोन, त्यामुळं तो अर्ज आज टाकायचा, ‘या इमारतीसाठी पाडण्याची परवानगी मागितली गेली आहे काय’ असा.

आमच्याकडं या रविवारी सकाळी सात वाजता गढीचा बुरूज मोजायचा आहे. ३० मीटरचा टेप, वही, दोन काठ्या अन् पाणी घेऊन या, ऊन चढायच्या आत वरची बाजू झाली पाहिजे. शाळेची चावी सरांकडून मिळाली आहे, शाळा दुपारून मोजू.