लांब पळणाऱ्यांनी तेल-तूप किती खावं?

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी सुरू झाली की अनेक जण आधी तेल-तूप तोडतात. पोळी कोरडी, भाजी उकडलेली, आणि भूक भागवायला केळी, ब्रेड, मारी बिस्किटं. वजन उतरतं, पण एकूण उष्मांकांत स्निग्ध पदार्थांचा वाटा २० टक्क्यांच्या खाली गेला की चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, घसरू शकतं, पुरुषांत आणि स्त्रियांतही. त्यात मैदा-साखर वाढली तर ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, चढतात.

सुरुवात रक्ततपासणीने करा: लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड), हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा). रविवारच्या लाँग रननंतर सोमवारी मात्र रक्त देऊ नका. तेव्हा ट्रायग्लिसराइड तात्पुरते उतरलेले असतात, फेरिटिन खोटं चढलेलं दिसू शकतं, आणि थकलेल्या स्नायूंमुळे एसजीओटी, म्हणजे यकृताच्या तपासणीत मोजलं जाणारं एन्झाइम, वाढून यकृताची उगाच धास्ती बसते. दोन-तीन दिवस हलकं पळून मग जा.

आता ताट मोजू. ५५ किलोची, दिवसाला २२०० कॅलरी लागणारी धावपटू घ्या. त्यातले २५ टक्के, म्हणजे ५५० कॅलरी, स्निग्धातून यायला हव्यात. एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणून साधारण ६१ ग्रॅम. स्वयंपाकाचं शेंगदाणा तेल ४ छोटे चमचे (१८ ग्रॅम), मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे (१४), दूध-दही मिळून ४०० मिली (१५), वरणावर एक छोटा चमचा तूप (५), २ छोटे चमचे जवसाची चटणी (३), बाकीचं धान्य-डाळींतून. एवढंच! तेल डब्यातून थेट कढईत ओतू नका, चमच्याने घाला. अंदाज नेमका तिथेच चुकतो. मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली घ्या, तळून नको, कालवण करून.

पुरुषांची चूक बहुधा उलट असते: ‘२० किलोमीटर पळालो, आता वडापाव-मिसळ चालेल.’ धावण्याने कॅलरी जळतात, पण संपृक्त स्निग्धाने (तूप, लोणी, साय यांतल्या) किंवा आनुवंशिकतेने वाढलेलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, त्याने आपोआप उतरत नाही. मॅरेथॉन पळणाऱ्यांच्याही हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर सापडतात. संपृक्त स्निग्ध एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा. वनस्पती तूप आणि पुन्हापुन्हा तापवलेलं तेल पूर्ण बंद.

स्त्रियांसाठी पाळी हा सर्वांत स्वस्त आणि विश्वासू रिपोर्ट आहे. सलग तीन महिने आली नाही तर ‘सराव जोरात आहे’ म्हणून सोडून देऊ नका. गर्भधारणा नसेल, तर खाणं सरावाला पुरत नसण्याची शक्यता मोठी असते. इस्ट्रोजेन उतरतं, एलडीएल वाढू शकतं, रक्तवाहिन्यांचं अस्तर कमकुवत होतं, हाडंही झिजतात. अशा वेळी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. खाणंच कमी पडत असेल तर रोज ३०० ते ५०० कॅलरी वाढवा आणि किलोमीटर कमी करा. पुरुषांतही कमी खाण्याने टेस्टोस्टेरॉन पडतं, फक्त ते इतकं सहज दिसत नाही.

लोहाची रोजची गरज भारतीय स्त्रीला २९ मिलिग्रॅम, पुरुषाला १९. जेवणावर लिंबू पिळा, चहा तासभर लांब ठेवा. फेरिटिन ३० च्या (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) खाली असेल तर डॉक्टरांना दाखवून गोळी घ्या. तपासणीशिवाय गोळी कुणीच घेऊ नये.

तासभराच्या सरावाच्या दिवशी कर्बोदकं वजनाच्या किलोमागे ५ ते ७ ग्रॅम, प्रथिनं १.२ ते २ ग्रॅम पुरतात.

पळताना छातीत दाब, भोवळ किंवा अचानक धडधड झाली तर तिथेच थांबा आणि हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. वडील-भावाला ५५ च्या आत किंवा आई-बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर तयारीच्या आधीच दाखवा.

आहार बदलल्यावर ८ ते १२ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल परत करा, त्याच लॅबमध्ये आणि लाँग रननंतर तितकंच अंतर ठेवून.