मॉडेल रेल्वेचा डबा खरा दिसण्यासाठी

ठाणे स्टेशनच्या पादचारी पुलावर उभं राहून खालच्या डब्यांची छपरं बघा. घरातली मॉडेल गाडीही आपण वरूनच बघतो, पण रंगवताना सगळी हौस बाजूंवरच खर्च होते. छप्पर नवंकोरं राहतं आणि तिथेच खेळणं उघडं पडतं.

आधी डबा सोडवा. कवच बहुधा खाचांत बसवलेलं असतं, जोर लावू नका. खिडक्यांच्या काचा काढून बाजूला ठेवा.

आत स्लीपरचे बर्थ निळे रंगवा आणि माणसं बसवा. त्यांचे पाय आडवे आले तर गुडघ्याखाली कापा, खिडकीतून कोणाला दिसणार? जनरल डब्यात कंजुषी नको, दारातही गर्दी हवी. चिकटवायला पांढरा फेविकॉल बरा. झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या वाफेने काचा पांढुरक्या होतात.

हलका डबा सांध्यावर उड्या मारतो. अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे हौशींच्या एनएमआरए संघटनेचा ठोकताळा असा: एचओ म्हणजे १:८७ प्रमाणाच्या डब्याला १ औंस, शिवाय लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. आपला आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या धाटणीचा) डबा २१.३ मीटरचा, म्हणजे मॉडेल साधारण २४५ मिलिमीटरचं. वजन १६५ ग्रॅमच्या आसपास हवं. लोखंडी वायसर तळाला, दोन्ही टोकांना सारखे चिकटवा.

आता छप्पर. काळा आणि तपकिरी ॲक्रिलिक रंग भरपूर पाण्यात कालवून सगळीकडे फिरवा आणि कापसाने टिपा. हात माथ्याकडून कडेकडे, पावसाचं पाणी ओघळतं तसाच जाऊ द्या. खालच्या बोग्यांवर, म्हणजे चाकं बसवलेल्या सांगाड्यांवर, जवळजवळ कोरड्या ब्रशने मातकट तपकिरी रंग ओढा. चाकांच्या बाजू रंगवा, पण रुळावर टेकणारी कड कोरी ठेवा. सगळे डबे सारखेच मळवू नका; एखादा वर्कशॉपमधून नुकताच आल्यासारखा राहू द्या.

वाळल्यावर मॅट वार्निशचा स्प्रे मारा, काचा अजून बाहेरच असू देत. जुलैत ठाण्याच्या बाल्कनीत हे काम काढू नका, दमट हवेत वार्निशवर पांढरी झाक येते. मग पेस्टल खडूची पूड पायऱ्यांवर आणि दारांच्या कडांना ब्रशने चोळा. पुडीवर पुन्हा वार्निश मारलं तर ती बरीचशी दिसेनाशी होते, म्हणून यापुढे डबा तळाला धरूनच उचला.

काचा बसवून कवच लावा. दोन डब्यांमधल्या फटीसाठी काळ्या कागदाच्या घड्या घालून भाता करा आणि एकाच डब्याला चिकटवा. जोडलेले डबे सर्वांत अरुंद वळणावरून हाताने ढकलून बघा. भाता अडकला तर एक घडी कमी करा.