छोट्या पोरांना कुठल्या राईडमध्ये बसवायचं आणि कुठल्यात नाही

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या फॅमिली ग्रुपवर ठरलेली चर्चा, खोपोलीला इमॅजिका पार्कात जायचं का, आणि मग कोणीतरी विचारणारच की अगं पण छोटीला काही आहे का तिथे, की नुसतं तिकीट काढून बाकड्यावर आइसक्रीम खात बसायचं. मी गेली चार-पाच वर्षं लेकीला आणि जावेच्या मुलाला घेऊन पार्कात फिरतेय, जत्रेत तर त्याहून जास्त, आणि चुका भरपूर केल्यात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी उंची. ती घरीच मोजून निघा, अनवाणी, दाराच्या चौकटीला पाठ लावून, डोक्यावर वही आडवी धरून. आपण उंची फुटात सांगतो आणि पार्कातले बोर्ड असतात सेंटीमीटरमध्ये, तर 3 फूट म्हणजे 91, साडेतीन म्हणजे 107 आणि 4 फूट म्हणजे 122 एवढं लक्षात ठेवलं तरी काम होतं. चार वर्षांचं मूल साधारण 103 च्या आसपास भरतं आणि सहा वर्षांचं 115 च्या, थोडं इकडेतिकडे. त्यामुळे बोर्डावर 120 लिहिलं असेल तर चार वर्षांच्या पोराला घेऊन त्या रांगेत उभंच राहू नका, अर्धा तास घाम गाळून गेटवर पोचायचं आणि तिथे त्या काठीखाली पोर आरामात निघून गेलं की मग जे भोकाड पसरतं ते दुपारपर्यंत थांबत नाही. आणि जाड सोलचे बूट घालून किंवा डोक्यावर उंच शेंडी बांधून दोन बोटं वाढवायचा उद्योग कृपा करून करू नका (केलेले लोक बघितलेत मी). गेटवरचा दादा खडूस म्हणून अडवत नाही, सीटचा दांडा आणि खांद्यावरून येणारं लॉक ठराविक मापाच्या शरीरासाठी बनवलेलं असतं, छोट्या मुलाची कंबर बारीक, ते खालून सरकू शकतं, शिवाय लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान नाजूक, म्हणून झटका बसला तर सगळा भार मानेवर. बोर्ड नीट वाचा अजून एका कारणासाठी, बऱ्याच ठिकाणी दोन आकडे असतात, एकटं बसायला वेगळी उंची आणि मोठ्या माणसाबरोबर बसायला वेगळी, आणि अगदी छोट्यांच्या राईडला कमाल उंची पण असते, आमचा आठ वर्षांचा पुतण्या असाच छोट्या विमानाच्या गेटवरून परत आला आणि तासभर फुगून बसला होता.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. उंची बसली म्हणजे राईड झेपली असं अजिबात नाही. उंचीवरून एवढंच कळतं की मशीनमध्ये पोर नीट अडकतं की नाही, ते आत घाबरेल का, ओकेल का, हे तुम्हालाच ठरवायचंय आणि त्याची उत्तरं तुम्हाला घरीच माहिती असतात.

मिक्सर लावला की कान झाकून दुसऱ्या खोलीत पळतं का? गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशा जवळ आला की कडेवर चढतं का? मग आवाजाच्या आणि अंधाराच्या राईड या वर्षी सोडून द्या. बागेतल्या झोपाळ्यावर 'अजून जोरात दे' म्हणतं की 'हळू, हळू' म्हणतं? हळूवालं असेल तर वरून खाली येणारं काहीच नको, कारण पोटात गोळा येतो तो त्याला आवडतच नाही, त्यात भित्रेपणा वगैरे काही नसतो. आणि तिसरा प्रश्न, घाटात गाडी लागते का? महाबळेश्वरला जाताना पिशवी हातात धरून बसावं लागत असेल तर गोल फिरणाऱ्या राईडपासून लांबच राहा. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो, तो एक सांगतो आणि डोळे दुसरंच सांगतात, म्हणून मळमळतं, घाटात पण तेच आणि गरगर फिरणाऱ्या कपबशीच्या राईडमध्ये पण तेच.

अंधाराचं जरा जास्त लिहिते कारण तिथेच आम्ही फसलो. एका पार्कात (नाव राहू दे) हळू चालणारी छोटी ट्रेन होती, बोर्डावर मोठ्यांबरोबर सगळ्या वयाची मुलं चालतील असं होतं, म्हटलं चला, हळू आहे म्हणजे सेफ आहे. आत मिट्ट काळोख आणि तिसऱ्या वळणावर एकदम दिवा लागून एक तोंड अंगावर आलं, आवाजासकट. लेकीने माझ्या कुर्त्यात जे तोंड खुपसलं ते बाहेर उजेडात येईपर्यंत वर काढलं नाही, आणि पुढचे आठ दिवस बाथरूमला जाताना दार उघडं ठेवून मी बाहेर उभी राहायचे. अशा राईडला उंचीची अट कमी असते कारण मशीनला झटके नसतात, म्हणून आपली गफलत होते. इमॅजिकात पण नायट्रो ही मोठी रोलरकोस्टर छोट्यांसाठी नाही हे लांबून बघूनच कळतं, पण डीप स्पेस ही पण रोलरकोस्टरच आहे, फक्त आत अंधारात धावते, सलीमगढ म्हणजे सरळ भुतांचा प्रकार, आणि राजासॉरसची बोटीची राईड, तर तुमचं पोर घरी डायनासोर कुशीत घेऊन झोपत असलं तरी मोठा, हलणारा, ओरडणारा डायनासोर म्हणजे वेगळं प्रकरण, आधी विचारा. टबी नावाच्या हत्तीची उडणारी राईड आणि घोड्यांचं कॅरोसेल, इथून सुरुवात करा.

सीट कुठली घ्यायची याकडे लोक लक्षच देत नाहीत, तिथे खूप फरक पडतो. कोलंबस म्हणजे ते झुलणारं जहाज, त्यात टोकाच्या सीट सगळ्यात जास्त वर जातात आणि अगदी मधल्या सगळ्यात कमी, त्यामुळे पहिल्यांदा बसताय तर मध्येच. छोट्या रोलरकोस्टरला शेवटचा डबा नको, चढावरून खाली उतरताना पुढचे डबे त्याला खेचतात आणि झटका तिथे जास्त लागतो. कॅरोसेलमध्ये बाहेरच्या रांगेतले घोडे जास्त वेगाने जातात, आतल्या रांगेत बसवा, बऱ्याच कॅरोसेलना वरखाली न होणारे घोडे नाहीतर बसायला रथ पण असतो. कपबशीत मधलं चाक फिरवलं की कप अजून गरगरतो, ते चाक बाबांच्या हातात देऊ नका, बास. आकाशपाळणा फिरत असताना पोरं मजेत असतात, खाली माणसं चढवायला तो थांबतो आणि आपण वर टोकाला हलत लटकतो तेव्हा रडू फुटतं, हे आधीच सांगून ठेवा.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. दोघांना मिळून एकच दांडा असेल तर जाड माणसाशेजारी छोटं मूल बसवायचं नाही. दांडा जाड माणसाच्या पोटावर अडकतो आणि मुलाच्या मांडीवर चांगली वीतभर जागा रिकामी राहते. आमच्याकडे जत्रेत ड्रॅगन ट्रेनमध्ये हे झालं, आमचे हे अगदी ऐसपैस बसलेले आणि लेक त्या दांड्याखाली चक्क उभी राहून मला टाटा करत होती, मी बाहेरून ओरडून ट्रेन सुटायच्या आधी थांबवली. तेव्हापासून बारीक मामा तिच्या शेजारी.

जत्रेत तर बसायच्या आधी दोन राउंड बाहेर उभं राहून बघाच. चालवणारा प्रत्येक लॉक हाताने ओढून बघतो का, पट्टा आहे की सुतळी आहे, पाळणा पूर्ण थांबल्यावर माणसं उतरवतो का. नाही आवडलं तर पन्नास रुपयांची भेळ खा आणि घरी या. पार्कात पण दोन राउंड बघायचेच, पोराला शेजारी उभं करून, आणि राईडपेक्षा उतरणाऱ्या त्याच्याच वयाच्या पोरांची तोंडं बघायची, हसतायत की आईला चिकटलीयत. राईड दोन-तीन मिनिटांचीच असते, म्हणून मी लेकीला सांगते शंभरपर्यंत मोजायचं की संपतं, तिला ते आवडतं. गेटपर्यंत जाऊन 'नको' म्हणाली तर बाजूच्या वाटेने बाहेर, 'एवढी मोठी झालीस, घाबरतेस काय' हे वाक्य आजोबांनासुद्धा बंद केलंय.

पाण्याच्या घसरगुंडीवर मांडीत घेऊन घसरायचं नाही, ही चूक सगळे प्रेमाने करतात. मुलाचा पाय कडेला अडकला तर मागून आपलं सगळं वजन त्यावर येतं आणि हाड मोडतं, साध्या बागेतल्या घसरगुंडीवर पण. एकटं जमत नसेल तर अजून छोटी शोधा. हवा भरलेल्या ट्यूबवर भरवसा नको, हाताच्या अंतरावर तुम्ही पाहिजे.

मोठं भावंड असेल तर आळीपाळी, एक जण मोठ्याबरोबर राईडला, एक छोटीबरोबर बाहेर. अमेरिकेत डिस्नीत याला रायडर स्विच म्हणतात, दुसऱ्या पालकाला परत पूर्ण रांग लावावी लागत नाही, नणंदेने ऑर्लँडोला जाताना याच्यावरच सगळं प्लॅनिंग केलं होतं. तिथे बोर्ड इंचात असतात हां, स्पेस माउंटन या रोलरकोस्टरला 44 इंच म्हणजे 112 सेंटीमीटर.

बाकी क्रम असा ठेवा, गोल फिरणारं सगळं जेवणाच्या आधी, भिजायचं सगळ्यात शेवटी, आणि एक राईड खूप आवडली तर तीच चार वेळा करू द्या. तिकीट वसूल करायच्या नादात तिला पाचव्या, सहाव्या नव्या राईडमध्ये कोंबू नका, आमची गेल्या वेळी त्या हत्तीतच पाच वेळा बसली आणि गाडीत बसायच्या आधी झोपली.