हापूसचा रस बरणीत भरायचाय? आधी झाकणं आणा

5 डझनांची पेटी, एकेक फळ 250 ग्रॅमचं धरलं, तर 15 किलो आंबा. साल-बाठा जाऊन निम्मा, म्हणजे साडेसात किलो रस हाती लागतो. किलोला 100 ग्रॅम साखर घातली की सव्वाआठ किलो. 500 मिलीच्या बरणीत वर बोटभर जागा सोडून साधारण 490 ग्रॅम रस बसतो. म्हणजे एका पेटीला 17 बरण्या. हा हिशेब मार्चमध्येच मांडून सामान आणून ठेवावं. मे महिन्यात आढी एकदम तयार होते, आणि त्या मापाचं झाकण मिळेपर्यंत पिकलेला आंबा काही थांबत नाही.

बरणी जाड काचेची, पत्र्याच्या फिरकी झाकणाची घ्या. झाकणाचं माप मिलिमीटरमध्ये असतं. 63 आणि 70 ही दोन मापं नुसत्या नजरेला सारखीच वाटतात, म्हणून दुकानात जाताना एक बरणी सोबत न्या. मध किंवा जॅमच्या जुन्या बरण्या चालतात, पण कडेवरून बोट फिरवून बघा. नखाला लागेल एवढाही टवका असेल तर ती बरणी डाळ-पोह्यांसाठी ठेवा. जुनं झाकण मात्र कधीच वापरू नका. ते उलटं करून बघितलं की आतल्या मऊ अस्तरावर बरणीच्या कडेचा गोल वळ उमटलेला दिसतो. तो वळ दुसऱ्यांदा नेमका तिथेच बसत नाही आणि हवा आत जाते. 17 बरण्यांना 22 नवी झाकणं आणा, एक-दोन वाकतातच.

बाकी सामान थोडं आहे: खाण्याच्या प्रतीचं 50 ग्रॅम सायट्रिक ॲसिड (किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं), ग्रॅम दाखवणारा काटा, 110 अंशांपर्यंतचा थर्मामीटर, रुंद तोंडाचं नसराळं, मजबूत सांडशी आणि बरणीपेक्षा चार बोटं उंच स्टीलचं पातेलं. छोटा डिजिटल पीएच मीटरही घ्याच. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त. कागदी पट्टीवर रसाचाच केशरी रंग चढतो आणि वाचन फसतं.

आंबटपणाला पर्याय नाही

बंद बरणीत हवा नसते, आणि बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जिवाणूला नेमकं तेच मानवतं. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत, पण पीएच 4.6 च्या खाली असेल तर ते वाढू शकत नाहीत. हापूसचा पीएच बहुधा 4 च्या आसपास असतो, मात्र फळ जास्त पिकलं की तो वर सरकतो. म्हणून प्रत्येक किलो रसाला 5 ग्रॅम सायट्रिक ॲसिड घाला आणि वाटीभर रस गार करून मोजा. 4.2 किंवा त्याखाली आलाच पाहिजे. नाही आला तर किलोला आणखी 1 ग्रॅम घाला, पुन्हा मोजा. ताज्या लिंबाचा आंबटपणा फळागणिक बदलतो, त्याच्यावर भिस्त ठेवू नका. साखर इथे फक्त चवीसाठी आहे. किलोला 100 ग्रॅम साखरेने काहीही टिकत नाही.

रस काढणं आणि भरणं

रोजच्या जेवणाला आपण आंबा हातांनी घोळून पिळतो, तसं इथे करू नका. प्रत्येक फळ कापा. हापूसमधला साका बाहेरून कळत नाही. कापल्यावर बाठ्याजवळ पांढुरका, स्पंजासारखा गर दिसतो आणि आंबूस वास येतो. असं फळ पूर्ण बाजूला काढा. वळवाच्या पावसात भिजलेल्या आंब्यात फळमाशीच्या अळ्याही जास्त सापडतात. शेवटच्या तोडीचा, कॅनिंगच्या भावाने मिळणारा आंबा स्वस्त असतो खरा, पण त्यातलं किती फेकावं लागेल ते धरूनच भाव करा.

एका वेळी 3 किलोच रस काढा, चाळणीतून गाळा आणि अर्ध्या तासाच्या आत आचेवर चढवा. कच्चा रस तसाच राहिला तर त्यातली विकरं (एन्झाइम) रसाला दाटपणा देणारं पेक्टिन तोडतात. मग महिनाभराने बरणीत गर एकीकडे आणि पाणी एकीकडे दिसतं. स्टीलच्या भांड्यात साखर आणि ॲसिड घालून, सतत ढवळत 90 अंशांपर्यंत न्या आणि 2 मिनिटं तिथेच ठेवा. रस फार उडतो, लांब दांड्याचा डाव वापरा.

तोवर बरण्या गरम पाण्यात ठेवा. गार बरणीत कढत रस ओतला की तळ तडकतो. रस भरा, बांबूची पातळ काडी कडेने फिरवून बुडबुडे काढा, कड ओल्या स्वच्छ फडक्याने पुसा. आंब्याचा एक धागा कडेवर राहिला तरी झाकण धरत नाही. झाकण हाताला घट्ट लागेल इतकंच फिरवा, जोर लावू नका.

पातेल्याच्या तळाला जाळी किंवा घडी केलेलं जाड फडकं घाला, पाणी 80 अंशांच्या आसपास असताना बरण्या उभ्या सोडा. झाकणांवर इंचभर पाणी हवं. खळखळून उकळी आल्यावर घड्याळ लावा. रत्नागिरी, देवगड, मुंबईत 30 मिनिटं पुरतात. पुणे-नाशिककडे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं, तिथे 35 मिनिटं द्या. महाबळेश्वरला 40. मधेच उकळी मोडली तर वेळ पहिल्यापासून मोजा.

गॅस बंद करून 5 मिनिटांनी बरण्या सरळ उचला आणि टॉवेलवर ठेवा. थेट ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा पंख्याखाली नको. झाकण पुन्हा आवळायचं नाही, बरणी उलटीही करायची नाही. गार होताना एकेक झाकण ‘टक्’ करून आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी मधोमध बोटाने दाबा. खालीवर होत असेल तर ती बरणी फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवा.

हीच पद्धत भाजी, उसळ, मटार किंवा नारळाच्या चटणीला लावू नका. ते पदार्थ आंबट नसतात. त्यांना दाबाखाली 116 ते 121 अंश उष्णता आणि त्यासाठीचं खास उपकरण लागतं, घरचा कुकर त्याची जागा घेत नाही. मटार फ्रीझरमध्येच बरे.

बरण्यांवर तारीख लिहून अंधाऱ्या कपाटात ठेवा, उजेडात केशरी रंग तपकिरी होत जातो. वर्षभरात संपवा. वाढताना रस आंबटसर वाटला तर दूध, थोडी साखर, वरून तूप. उघडताना हवा आत शिरल्याचा आवाज आला की बरणी ठीक आहे. झाकण फुगलेलं असेल, रस फसफसून वर आला किंवा बुरशी दिसली, तर चाखून बघू नका, गुरांनाही घालू नका. बरणीसकट पिशवीत बांधून टाकून द्या.