बेट्टाला बरणीतून टाकीत कसे हलवावे

बेट्टा, म्हणजे आपण ज्याला फायटर म्हणतो तो मासा, दोन-तीन लिटरच्या बरणीत सुखाने राहतो असे सांगणारे दोन कारणे देतात. एक, तो मूळचा थायलंडच्या भातखाचरांतला आहे. दोन, तो वरची हवा घेऊन श्वास घेतो. पण खाचर उथळ असले तरी त्याचा पसारा मोठा असतो आणि तळचा चिखल, झाडांची मुळे व त्यांवरचे सूक्ष्मजीव तिथली घाण सतत पचवत असतात. बरणीत यातले काहीच नसते. हवेचे म्हणाल, तर कल्ल्यांच्या वर असलेल्या लॅबिरिंथ नावाच्या घडीदार इंद्रियामुळे त्याला प्राणवायू हवेतून मिळतो हे खरे, परंतु शरीरातला अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतूनच पाण्यात जातो. म्हणजे श्वास स्वच्छ हवेचा असला, तरी नाजूक कल्ले चोवीस तास स्वतःच्याच घाणीत बुडालेले राहतात.

माशाने दिवसाला दोन मिलिग्रॅम अमोनिया सोडला असे धरा. दोन लिटरच्या बरणीत संध्याकाळपर्यंत त्याचे प्रमाण लिटरला एक मिलिग्रॅम होते, तर वीस लिटरच्या टाकीत तेच ०.१ राहते. मासा तोच आणि खाणेही तेच, पण पाण्यातले विष दहापट. शिवाय बरणीचे पाणी खोलीबरोबर तापते आणि निवते, आणि बेट्टाला तर २४ ते २८ अंश सेल्सिअसचे स्थिर तापमान हवे असते. ‘रोज सगळे पाणी बदला’ हा त्यावर सर्रास दिला जाणारा सल्ला मला अजिबात पटत नाही, कारण रोज नव्या तापमानाच्या आणि नव्या पीएचच्या पाण्यात टाकलेला मासा रोज एक धक्का सोसत असतो.

तेव्हा किमान वीस लिटरची, उंचीपेक्षा लांबी जास्त असलेली, झाकणाची टाकी घ्यावी. पृष्ठभाग आणि झाकण यांत थोडी हवा राहू द्यावी. वाळू धुऊन पसरावी, मऊ पानांची झाडे लावावीत, थर्मोस्टॅट असलेला हीटर आणि संथ चालणारा स्पंज फिल्टर बसवावा. पाण्यात अँटी-क्लोरीन, म्हणजे नळाच्या पाण्यातला क्लोरीन निष्प्रभ करणारे द्रावण, घालावे.

आणि इथे थांबावे. मासा अजून सोडायचा नाही.

ही पायरी मी एकदा गाळली होती. मोठी टाकी आणली, संध्याकाळी भरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मासा सोडला, कारण ‘पाणी चोवीस तास मुरू दिले की पुरे’ असे मला सांगितले गेले होते. चौथ्या दिवशी मासा पृष्ठभागाखाली तिरका लटकलेला दिसला. कल्ल्यांच्या कडा लालभडक झाल्या होत्या आणि शेपटीची टोके करपल्यासारखी काळी पडली होती. पाणी काचेसारखे नितळ होते. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, हे मला त्या माशाच्या जिवावर कळले.

पाणी मुरवल्याने फार तर क्लोरीन उडून जाते, आणि पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन व अमोनियाचे संयुग) असेल तर तेही सहजी जात नाही. टाकी पिकणे ही वेगळीच गोष्ट आहे. फिल्टरच्या स्पंजात दोन टप्प्यांत काम करणारे जिवाणू वसावे लागतात: पहिले अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही घातकच, कारण ते माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेते. नायट्रेट त्यामानाने सौम्य असते आणि पाणी बदलून काढता येते. ही वसाहत उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

त्यासाठी पाणी भरलेल्या पण मासा नसलेल्या टाकीत हीटर आणि फिल्टर चालू ठेवून, मत्स्यालयासाठी मिळणारे अमोनियम क्लोराइडचे द्रावण घालावे आणि अमोनियाचे प्रमाण लिटरला दोन मिलिग्रॅमवर आणावे. जास्त घातल्याने काम लवकर होत नाही, उलट जिवाणूंची वाढ अडते. थेंबांचे टेस्ट किट घ्यावे. कागदी पट्ट्यांच्या ढोबळ रंगांवर माशाचा जीव सोपवू नये. माझ्या किटमध्ये अमोनिया असला की नळीतले पाणी हिरवे होते आणि नसला की लिंबासारखे पिवळे राहते. पहिले कित्येक दिवस ते हिरवेच राहील, आणि नेमका तेव्हाच बहुतेकांचा धीर सुटतो. पुढे अमोनिया उतरू लागतो, नायट्राइट चढते आणि बराच काळ चढलेलेच राहते. अमोनिया संपत आला की पुन्हा थोडा घालावा, नाहीतर वसाहत उपाशी मरते. आकडे मध्येच गोठल्यासारखे वाटले तर पीएच तपासावा. जिवाणूंच्या कामामुळे तो घसरतो, फार घसरला की काम थंडावते, आणि अर्धे पाणी बदलल्यावर सहसा पुन्हा सुरू होते.

दोन मिलिग्रॅमची मात्रा दिल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसले, म्हणजे टाकी पिकली. अमोनिया शून्य पण नायट्राइट ‘थोडेसेच’ असेल, तर टाकी अजून कच्ची आहे. मासा सोडू नये. कोणाच्या निरोगी, जुन्या टाकीतला वापरता स्पंज मिळाला तर हे काम पुष्कळ लवकर होते, मात्र तो ओलाच आणावा आणि तरीही चाचणी चुकवू नये.

या काळात बरणीतल्या माशाला वाऱ्यावर सोडायचे नाही. त्याचे अर्धे पाणी रोज, अँटी-क्लोरीन घातलेल्या आणि त्याच तापमानाच्या पाण्याने बदलावे आणि खाणे बेताचे द्यावे. पीएच ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो, म्हणून बरणीतला पीएच चढू नये याकडेही लक्ष असावे.

टाकी पिकल्यावर बरेचसे पाणी बदलून नायट्रेट उतरवावे. मग टाकीतले थोडे थोडे पाणी तासाभरात माशाच्या भांड्यात मिसळून त्याला सोडावे. भांड्यातले जुने पाणी टाकीत ओतू नये. पहिला आठवडाभर रोज चाचणी करावी, नंतर आठवड्याला पाव ते तृतीयांश पाणी बदलावे. स्पंज नळाखाली कधीही धुऊ नये. क्लोरीनने वसाहत मरू शकते आणि टाकी पुन्हा कच्ची होऊ शकते. काढलेल्या जुन्या पाण्यातच तो पिळून घ्यावा.

काही दिवसांनी नर पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे बांधील. ते मोडू नये, पण पाणी चांगले असल्याची खूण म्हणूनही ते धरू नये. माझ्या पहिल्या माशाने बरणीतल्या घाण पाण्यावरही असेच दाट घरटे बांधले होते.